लाल शेपटीचा पाहुणा

खव्याच्या भट्टीपुढं बसलेल्या बाईला कुणी बोलायला लावत नाही. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे माझ्या ध्यानात आलं आणि तेव्हापासून ती जागा मी सोडलेली नाही. कढईत दूध आटत असतं, हातात लांब दांड्याचं उलथनं असतं, आणि हात थोडा जरी थांबला तरी दूध खाली लागतं. त्यामुळं घरी कुणी आलं की सासूबाईच सांगतात, "तिला नगा बोलवू, दूध लागंल." मी मान खाली घालून हलवत राहते. लोक म्हणतात, सून लई कामाची हाय. काम तर मी करतेच, पण चार माणसांपुढं तोंड उघडायचं म्हटलं की माझ्या तळहातांना घाम सुटतो, हे त्यांना माहीत नसतं.

आमचं गाव वाशीहून भूमला जाताना आतल्या बाजूला आहे. घराच्या मागं पत्र्याचं शेड, त्यात दोन भट्ट्या. सकाळी गावातलं दूध येतं, दुपारपर्यंत खवा होतो, त्याचे गोळे बांधून ताटात ठेवायचे, संध्याकाळी जीपवाला घेऊन जातो. कढईच्या बुडाला जी पिवळसर, खमंग साय चिकटून राहते तिला आम्ही खरवड म्हणतो. ती उलथन्यानं खरवडून काढायची. ती विकायची नसते, घरात खायची असते. माझ्या मते खव्यापेक्षा खरवड चांगली.

त्या साली ज्वारी आणि हरभरा निघाला, रानं मोकळी झाली, आणि रानातले उंदीर घराकडं वळले. दरसाल येतात तसेच आले, पण त्यांना शेडाचा पत्ता लागला. एक दिवस भूमचे शेट स्वतःच गाडी घेऊन आले. आमचा सगळा खवा तेच घेतात. माणूस तोंडाचा फटकळ पण खरा. त्यांनी ताटावरचं फडकं उचललं आणि फडक्याच्या घडीत काळं लेंडकं दिसलं.

"मावशी," ते सासूबाईंना म्हणाले, "हे वेलदोडे कवापासून घालायला लागलात?"

सासूबाईंचा चेहरा पडला. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, काहीतरी सांगायला लागले. शेटनी हात वर केला.

"आजचा माल मी नेत न्हाय. पाडव्याला येतो. शेड बघतो. त्या दिवशी एक जरी खूण दिसली तर लग्नसराईचा खवा मी दुसरीकडनं घेणार. राग मानू नगा, मला पण पुढं तोंड दाखवायचंय."

शेट गेले. मालक ओट्यावर बसून विचार करत राहिले आणि मग म्हणाले, "बंद झाली भट्टी तर झाली. फाट्यावर चहाचं हॉटेल टाकू. जागा बघून ठेवलीय मी. म्या चहा करीन, तू गल्ल्यावर बस."

माझ्या हातातलं उलथनं थांबलं. फाटा म्हणजे एसटी थांबते ती जागा. सगळी अनोळखी माणसं. कुणी म्हणणार एक कट, कुणी म्हणणार बिनसाखरेचा, कुणी विचारणार कळंबची गाडी गेली का. आणि मी गल्ल्यावर! त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. मालकांना मात्र तो बेत चांगलाच आवडला होता. हॉटेलला काय रंग द्यायचा इथपर्यंत ते पोचले होते.

उपाय करायचा तर आमच्या घरी दोन अडचणी. विष ठेवता येत नाही, कारण बाजूला खायचा माल. मांजर पाळता येत नाही, कारण दूध. उंदीर चिकटतात त्या पट्टीचा विषय मालकांनी काढला तेव्हा सासूबाईंनी गळ्यातली माळ हातात धरून दाखवली. त्या माळकरी. "माझ्या दारात जीव मारायचा न्हाय," एवढंच म्हणाल्या. राहिला पिंजरा.

पिंजरा शेजारच्या चाचींकडनं आणला. त्यांचे मालक पत्र्याचे डबे, चाळण्या, पिंजरे करून वाशीच्या बाजारात विकतात. चाची माझ्याशी बोलताना दोघींचंही बोलणं एकट्याच बोलतात, म्हणून त्या मला फार आवडतात.

"कशाला पाहिजे गं? उंदराला? व्हय तर, उंदरालाच. आणि काय त्यात वाघ धरणार हायेस? ने. खटका नीट लाव, बोट सांभाळ, आणि खायला चांगलं ठेव, न्हायतर येत न्हायती नवाब."

आमच्या घरी पिंजरा लावताना उंदराचं नाव घेत नाहीत. तो ऐकतो आणि मग येत नाही, उलट रागानं कपडे कुरतडतो, असं सासूबाईंचं म्हणणं. त्याला पाहुणा म्हणायचं. मालकांना हे कधीच लक्षात राहात नाही. ते अंगणातनं ओरडले, "उंदराचा पिंजरा लावला का?" सासूबाई धावतच बाहेर गेल्या आणि त्यांच्या दंडावर चापट मारली. "गावाला सांग की! दवंडी पिट!"

मी आकड्याला खरवडीचा तुकडा अडकवला. सकाळी बघते तर पाहुणा आत. छोटा, तपकिरी, मिशीला खवा लागलेला. पिंजऱ्यावर पोतं टाकलं, ओढा ओलांडून पलीकडच्या मोठ्या कडुलिंबाखाली गेले आणि दार उघडलं. तो क्षणभर बसला आणि मग गवतात पळाला. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत एक आत. तसाच छोटा, तपकिरी. तिसऱ्या दिवशी परत एक. मालक म्हणाले, "लई पैदास हाय." मी मात्र त्याच्याकडं बघत होते. हा आपला कालचाच दिसतो, असं मला वाटायला लागलं. कारण पहिल्या दिवशी तो पिंजऱ्यात धडका मारत होता, आणि आता पुढचे पाय जोडून, मिशा पुसत, ओढ्याकडं कधी निघायचं असं बघत बसलेला होता.

त्याची शेपटी जाळीतनं बाहेर आली होती. मी आत गेले, लग्नातली नेलपॉलिशची बाटली आणली आणि शेपटीच्या टोकाला लाल रंग लावला. वाळेपर्यंत फुंकर मारत बसले. मालकांनी ते पाहिलं.

"वरातीत न्यायचाय का त्याला?"

पाहुणा लिंबाखाली सोडला. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात लाल शेपटी.

मालक हसून हसून खाली बसले. सासूबाई पण हसल्या, आणि मग बोटांवर दिवस मोजायला लागल्या, कारण पाडवा जवळ येत होता. ओढा, पांदीची वाट, दोन बांध, आमचं परस, एवढं सगळं ओलांडून तो रोज घरी येत होता. मी जाऊन यायचे तर मला दम लागायचा.

मग एकादशी आली. त्या दिवशी सासूबाई खरवड साखर घालून उपासाला खातात, सगळी खातात, कुणाला देत नाहीत. त्यामुळं पिंजऱ्यात मी शिळ्या भाकरीचा तुकडा लावला. सकाळी आत दुसराच उंदीर होता, जरा काळसर. लाल शेपटीवाला भाकरी बघून आलाच नसावा. ह्या नव्याच्या शेपटीला मी हिरवा रंग लावला. तीही बाटली लग्नातलीच, वाळत आलेली. त्यालाही त्याच लिंबाखाली सोडलं.

खरवड परत सुरू झाली आणि लाल शेपटीवाला परत आला. हिरवा आला नाही. मी वाट बघितली, रोज बघितली. तो आलाच नाही.

चाची पिंजऱ्याची चौकशी करायला आल्या तेव्हा मी कढई हलवत होते. सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. चाची पदर तोंडाला लावून हसल्या.

"अगं, तुम्ही त्याला धरताय का दावत देताय? खवा खायचा, सकाळी फिरायला जायचं, संध्याकाळी परत यायचं. माझा जावई पण एवढ्या येळा येत न्हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि त्या हिरव्याला काय दिलंस? शिळी भाकर? तो कशाला ध्यानात ठेवंल तुझं घर?"

चाची गेल्या. मी हलवत राहिले, आणि हलवता हलवता मला शाळा आठवली.

चौथीत मी काय शिकले ते सगळं विसरले. नद्या विसरले, राजे विसरले, कविता अर्ध्या राहिल्या. पण एकोणतिसाचा पाढा मला अजून येतो, झोपेतनं उठवलं तरी येतो. कारण तो ज्याला येईल त्याला गुरुजी लिमलेटची गोळी देणार होते. मला उभं राहून बोलायची लाज वाटायची म्हणून मी तो गुरुजींच्या टेबलाजवळ जाऊन, त्यांच्या कानात म्हणून दाखवला होता. गुरुजींनी गोळी दिली. नारिंगी रंगाची होती, फोडीसारखी, वर साखर. अठ्ठाविसाचा पाढा मला तेव्हाही येत होता, त्याला गोळी नव्हती. आता तो माझ्याकडं नाही.

म्हणजे पाहुण्याचं काही चुकत नव्हतं. आम्हीच त्याला रोज शेडाचा पाढा पाठ करायला लावत होतो, आणि वर गोळी देत होतो.

त्या दिवसापासून मी पिंजऱ्यात नुसती भाकर लावायला लागले. शेड संध्याकाळी गरम पाण्यानं धुऊन काढायचं, कढई घासून उलटी करायची, खरवडीचा कण खाली ठेवायचा नाही. मालकांनी पत्र्याच्या फटीत सिमेंट भरलं. आणि खरवड मी वाटीत घेऊन रोज सकाळी लिंबाखाली न्यायला लागले. तिथं एक चपटा दगड आहे, खाली पोकळ. दगडावर थोडी ठेवायची, बाकीची दगडाच्या खालच्या फटीत बोटानं सारवून यायची, म्हणजे कावळ्यांना मिळणार नाही. जो कुणी पिंजऱ्यात सापडेल, त्यालाही तिथंच सोडायचं. घरी भाकर, इथं खरवड. कुठलं घर ध्यानात ठेवायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

पहिले दोन-तीन दिवस काही कळेना. मग एका सकाळी मी वाटी घेऊन गेले आणि दगडाच्या फटीतनं लाल टोक बाहेर दिसलं. मी तिथंच उभी राहून एकटीच हसले.

आता हे सगळं मी कुणाला सांगितलं असतं तर पुढचं झालं नसतं. पण सांगणार कशी? ओढ्यावर बायका धुणं धुवायला येतात, शेळ्यावाली म्हातारी त्याच वाटेनं जाते. त्यांना रोज काय दिसायचं? सकाळी आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन, हातात वाटी घेऊन मी येते. कुणाकडं बघत नाही, कुणी हाक मारली तर नुसती मान हलवते. दगडापुढं वाकते, वाटीतला खवा दगडाला लावते आणि न बोलता परत जाते.

शेळ्यावाल्या म्हातारीनं एकदा विचारलं, "कशाचं करतीस बाय?" माझ्या तळहाताला घाम आला. मी मान खाली घातली आणि चालायला लागले. मागनं मला ऐकू आलं, म्हातारी दुसरीला सांगत होती, "बोलायचं नसतंय तिला. मुक्यानं करायचं आसंल."

दुसऱ्या दिवशी दगडावर हळदीकुंकू होतं.

मला वाटलं, वाऱ्यानं पडलं असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूचं फूल. मग नारळाची शकलं. मग कुणीतरी गूळ-खोबरं ठेवलं. शुक्रवारी दगडाला कुणी शेंदूर लावलेला होता आणि बाजूला उदबत्ती. मी लाजेनं अर्धमेली झाले. घाईघाईनं खरवड सारवली आणि पळत घरी आले. फटीतले पाहुणे मात्र खूश असणार. नुसत्या खरवडीवर आले होते, आता खोबरं मिळत होतं, गूळ मिळत होता. पिंजऱ्यातली भाकर तशीच राहायला लागली. भट्टीची राख चाळून मी रोज संध्याकाळी शेडाच्या उंबऱ्याशी पसरायचे, सकाळी पावलं उमटली का ते बघायचे. राख जशीच्या तशी.

सासूबाई भजनाहून आल्या ते सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या.

"कसला नवस केलाय गं तू? सारं गाव मला इचारतंय. म्या काय सांगू? घरातल्या सुनंचा नवस मला ठाऊक न्हाय?"

"नवस न्हाय आत्या," मी म्हणाले. सासूबाईंना मी आत्या म्हणते.

"मग रोज खवा कुणाला घालतीस?"

"उंदराला."

"नाव नगं घेऊ!" त्या ओरडल्या, आणि मग माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. हिरवी शेपटी, लाल शेपटी, लिमलेटची गोळी. सांगताना मी चुलीकडं बघत होते. सांगून झाल्यावर बघितलं तर सासूबाईंचे खांदे हलत होते. त्यांनी पदर तोंडात कोंबलेला होता, डोळ्यांतनं पाणी येत होतं.

"म्या काल," त्या कशाबशा म्हणाल्या, "काल म्या पण जाऊन पाया पडून आले तिथं. म्हटलं सुनंला काय पाहिजे आसंल ते दे बाबा."

मग आम्ही दोघी इतक्या हसलो की मालक बघायला आले.

पाडव्याला दारात गुढी उभी केली आणि दहाच्या सुमाराला शेटची गाडी आली. शेट चपला काढून शेडात शिरले. ताटं बघितली, फडकी झटकून बघितली, कढया उचलून बघितल्या, कोपऱ्यात बॅटरी मारून बघितली. उंबऱ्याशी पसरलेल्या राखेजवळ उकिडवे बसले. राखेवर रात्रीपासून कशाचीच खूण नव्हती.

"काय औषध घातलं?" ते उठत म्हणाले. "खरं सांगा. औषध घातलं आसंल तर मला माल नको."

मालक पुढं झाले. "औषध कसलं शेट, ते आपलं सिमेंट..."

"सिमेंटनं उंदीर जात आसता तर मी घर सोन्याचं केलं आसतं."

मालक माझ्याकडं बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सुनेला इचारा. तिनं केलंय."

त्या दिवशी सण म्हणून भट्टी बंद होती. हातात उलथनं नव्हतं, लपायला कढई नव्हती. शेट थांबले होते. मला फाटा दिसला, गल्ला दिसला, एसटीतनं उतरणारी माणसं दिसली. शेटच्या डोळ्यात संशय होता, आणि तो माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला काढता येणार नव्हता. मी पदराचं टोक धरलं आणि त्यांच्या शर्टाच्या बटणाकडं बघत म्हणाले,

"औषध न्हाय. खरवड."

"खरवड?"

"खरवड दिली की वाट ध्यानात ऱ्हाती त्यांच्या. भाकर दिली की ऱ्हात न्हाय. म्हणून इथं भाकर ठेवली आणि खरवड ओढ्यापलीकडं. आता त्यांना तिकडची वाट पाठ झालीय."

एवढं सगळं मी एका दमात बोलले. मग शेट मोठ्यानं हसले. हसत हसत मालकांच्या पाठीवर थाप मारली. "आरं, ही तर मास्तरीण हाय तुझी बायको! चला वहिनी, दाखवा तुमची शाळा."

सगळे निघालो. मी पुढं, मागं शेट, मालक, सासूबाई, आणि कुंपणावरनं बघून चाची पण आल्या. लिंबाखाली बघते तर चार-पाच बायका. पाडवा म्हणून दगडाला हार, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी. शेटनी ते बघितलं आणि सवयीनं परत चपला काढल्या.

तेवढ्यात दगडाखालनं लाल शेपटीवाला बाहेर आला. एवढ्या माणसांपुढं, काहीही न लाजता, गाठीचा एक खडा दोन्ही पायांत धरला आणि कुरकुर खायला लागला.

शेळ्यावाली म्हातारी ओरडली, "अगं बया! वाहन आलं! गणपती हाय गं हा, आपण शेंदूर बराबर लावला!"

बायकांनी हात जोडले. सासूबाईंनी खाली मान घातली, त्यांचे खांदे परत हलायला लागले. "आणि शेपटीला कुंकू पण लावून आलाय," चाची गंभीर तोंड करून म्हणाल्या. मालक खोकल्याचं निमित्त करून लिंबाच्या मागं गेले.

मी तोंड उघडलं. म्हातारीला खरं काय ते सांगावं असं मला वाटलं. शेट माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वहिनी. तुमच्या खरवडीला ह्यांच्या खोबऱ्याची मदत हाय. मोडू नगा." मग त्यांनी गाडीतनं नारळ मागवला आणि दगडापुढं स्वतः फोडला. "ह्यांनी लग्नसराईभर इकडंच ऱ्हावं," ते म्हणाले, आणि ते कुणाला उद्देशून म्हणाले हे फक्त आम्हालाच कळलं.

म्हातारीला मी नंतर एकटीला गाठून खरं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग? त्याच्या उंदराला घातलं म्हंजे त्यालाच घातलं की."

लग्नसराईचा सगळा खवा आमच्याच भट्टीतनं गेला. हॉटेलचं नाव मालकांनी परत काढलं नाही, फक्त कधीकधी एसटीचा हॉर्न ऐकला की उसासा टाकतात. खरवड मी अजून नेते. लाल रंग आता कुणाच्याच शेपटीला नाही, त्यामुळं कोण आपला आणि कोण नवा हे ओळखू येत नाही.

शेट आले की शेडात डोकावून विचारतात, "काय मास्तरीणबाई, वर्ग कसा चाललाय?" पूर्वी मी मान खाली घातली असती. आता हलवता हलवता म्हणते, "पटसंख्या वाढलीय." एवढंच म्हणते, जास्त नाही. दूध लागतं.